धाकटीला जमीन लागली

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन वळताना धाकटीने पटकन स्वयंपाकघराची भिंत धरली, आणि थोरलीला आठ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

चहा बशीत सांडला. धाकटीने कप ओट्यावर ठेवला, डोळे मिटले, मिटल्यावर जास्तच गरगरलं म्हणून लगेच उघडले.

"काय गं?" आईने विचारलं.

"फरशी वर येतेय."

"फरशी कशी वर येईल?"

"येतेय ना. वर येते, खाली जाते. काल आल्यापासून असंच चाललंय. दात घासताना आरशावर डोकं आपटलं."

आईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "एक बोटीवर जाऊन ओकते, एक घरी येऊन डुलते. पोटच्या दोन पोरी, एक धड सरळ उभी राहील तर शपथ."

 थोरलीने फडकं घेतलं आणि सांडलेला चहा पुसला. पुसताना तिच्या मनात एकच गोष्ट होती : उद्या सोमवार. उद्या सकाळी दहा वाजता कचेरीचे डॉक्टर धाकटीला पाय जुळवून, हाताची घडी घालून, डोळे मिटून अर्धं मिनिट उभं करणार होते. तशी उभी राहिली तरच बोटीवरचं काम कायमचं तिचं होणार होतं.

दोघी बंदराच्या मोजणी कचेरीत कामाला होत्या. बंदरात आणि बंदराबाहेर समुद्र कुठे किती खोल आहे हे मोजायचं आणि त्याचे नकाशे काढायचे, हे कचेरीचं काम. थोरली नऊ वर्षं नकाशाच्या टेबलावर होती. समुद्राच्या तळाचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खड्डा तिला तोंडपाठ होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. पण समुद्रावर ती एकदाही गेली नव्हती. बोटीत बसून खोलीचे आकडे वाचणारा माणूस एकच असायचा. त्याला सगळे 'वाचक' म्हणत. वाचक बोटीच्या केबिनमध्ये यंत्रापुढे बसायचा आणि दर दहा सेकंदांनी आकडा वाचून पुस्तकात लिहायचा. ती पुस्तकं थोरलीच्या टेबलावर यायची. नऊ वर्षं ती दुसऱ्याने पाहिलेला समुद्र कागदावर उतरवत आली होती.

जुने वाचक निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी पहिलं नाव तिचंच घेतलं. थोरलीला रात्रभर झोप लागली नाही. आईला तिने तीनदा सांगितलं. नवे बूट घेतले, रबरी तळव्याचे. धाकटी चार वर्षांपूर्वी कचेरीत लागली होती. धक्क्यावर उभं राहून भरती-ओहोटीच्या पट्टीवरचं पाणी बघायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच तिचं काम. तिला मदतनीस म्हणून सोबत दिली. वाचकाच्या हाताशी कोणीतरी लागतंच.

बुधवारी बोट निघाली. धक्क्याची भिंत ओलांडली आणि पहिली लाट आडवी आली तेव्हा थोरली हसत होती. तासाभराने ती हसत नव्हती.

बोट लागते हे ऐकून माहीत असणं वेगळं. पोटात ढवळलं, तोंडाला पाणी सुटलं, कानामागे गार घाम आला. तिने निघण्याआधी गोळी घेतली होती, आल्याचा तुकडा गालात धरला होता, कोरडी बिस्किटं खिशात होती. सगळं शास्त्राप्रमाणे केलं होतं. बोट हाकणारा तांडेल तीस वर्षं समुद्रावर मुरलेला माणूस, त्याने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, कागदाकडे बघू नका. बाहेर बघा, लांब. जिथे आभाळ टेकतं ना, तिथे. ती एकच रेघ हलत नाही."

"मी कागदाकडे बघितलं नाही तर आकडे कोण लिहिणार?"

"ते खरं," तांडेल म्हणाला आणि बादली आणून तिच्या पायाशी ठेवली.

तीन दिवस ती बादली आणि ते पुस्तक. डिझेलचा वास, बंद केबिन, पडद्यावर थरथरणारे आकडे. ती आकडा लिहायची, ओकायची, तोंड पुसायची, पुढचा आकडा लिहायची. एक आकडा चुकवला नाही, याचा तिला अभिमान होता. धाकटी मात्र दारात टेकून पाव खात असायची. पाव! वर त्याला काहीबाही लावून. बोट डावीकडे कलली की ती उजवीकडे कलायची, उजवीकडे कलली की डावीकडे, आणि हातातला पाव तोंडाशी बरोबर पोचायचा.

"ताई, जरा बाहेर ये ना, वारा लागू दे. मी बसते थोडा वेळ."

"तू तुझं काम बघ."

शनिवारी सकाळी थोरलीला उठताच येईना. दुपारी बोट पाणी आणि डिझेल भरायला धक्क्याला लागली. साहेब तिथे उभेच होते. त्यांनी थोरलीचा चेहरा पाहिला, पुढे होऊन हात दिला आणि म्हणाले, "उतर. घरी जा. खुर्चीत धाकटी बसेल." थोरली धक्क्याच्या पायरीवर बसली. तिथेही तिला एकदा उलटी झाली. दहा मिनिटांत पोट शांत झालं, जणू काही झालंच नव्हतं. तिने मान वर केली तेव्हा बोट निघाली होती आणि तिच्या खुर्चीत धाकटीचं डोकं दिसत होतं.

त्यानंतर सात दिवस. सात दिवस आई रोज म्हणायची, "कशी असेल गं पोर?" आणि थोरली म्हणायची, "मजेत असेल." ते खरं होतं म्हणूनच ते बोलताना जीभ जड व्हायची. काल संध्याकाळी धाकटी परतली ती रापलेली, खरखरीत केसांची, हातात आकड्यांच्या पुस्तकाची कापडी पिशवी घेऊन. कचेरी बंद होती म्हणून पिशवी घरीच आणली होती. जेवताना ती बोलत सुटली. पहाटे पाणी शिशासारखं दिसतं. यंत्राचा आवाज ऐकूनच आता तिला तळ चिखलाचा की खडकाचा ते कळतं. तांडेल म्हणतो, असा वाचक त्याने बघितला नाही.

"असा म्हणजे कसा?" थोरलीने विचारलं.

"न ओकणारा," धाकटी म्हणाली आणि खो खो हसली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. तिने थोरलीच्या ताटात वाढलं. थोरलीने ते तसंच टाकलं.

आणि आज फरशी वर येत होती.

"हे असं होतं," धाकटी भिंत न सोडता म्हणाली. "तांडेल म्हणाला होता, ज्यांना बोट लागत नाही त्यांना जमीन लागते. शरीराला हलायची सवय होते आणि मग स्थिर जमीन खरी वाटत नाही. पण कधी थांबतं, काय करायचं, ते विचारायचं राहिलं. ताई, तुला काही बोलला होता का तो?"

बोलला होता. गुरुवारी, थोरली बादली धरून बसली होती तेव्हा तिचं मन रमवायला तांडेल आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगत होता. उतरल्यावर पडून राहायचं नाही, म्हणाला होता. पडलं की आणखी डुलतं, आणि लांबतं. बाहेर पडायचं, कडक जमिनीवर चालायचं, लांब बघायचं. पायांना पटवून द्यावं लागतं की हलणारं काही नाही. दोन दिवस चाललं की उतरतं.

"पडून राहा," थोरली म्हणाली. "डोळे मिटून, स्वस्थ. विश्रांती झाली की आपोआप जातं."

"खरंच?"

"माझं ऐक."

आईनेही मान डोलावली. पडून राहणं हे आईचं सगळ्यावरचं औषध होतं. धाकटी भिंत धरत धरत खोलीत गेली. तिचं अंथरूण दिसेल अशा बेताने थोरलीने बाहेरच्या खोलीत टेबल ओढलं, कापडी पिशवी उघडली आणि पुस्तक बाहेर काढलं.

खरं तर हे काम सोमवारचं. पण तिला थांबवेना.

मोजणीची पद्धत अशी. बोट आधी उभ्या रेघा काढते : उत्तरेकडून दक्षिणेकडे, थोडं सरकायचं, दक्षिणेकडून उत्तरेकडे, नांगरल्यासारखं. ते झालं की शेवटी काही आडव्या रेघा काढायच्या, उभ्यांना छेदणाऱ्या. उभी आणि आडवी जिथे एकमेकींना कापतात तिथे समुद्र एकच असतो, तेव्हा दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. चार-पाच सेंटिमीटरचा फरक चालतो. जास्त आला की कुठेतरी कोणीतरी चुकलंय. आणि कचेरीत जुना नियम होता : ज्याची रेघ चुकली, त्यानेच ती परत काढायची. साहेबांनी एकदा जुन्या वाचकांना, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, दोन रेघांसाठी परत पाठवलं होतं.

पहिल्या तीन दिवसांच्या उभ्या रेघा थोरलीच्या होत्या. बाकीच्या उभ्या आणि शेवटच्या सगळ्या आडव्या धाकटीच्या. थोरलीने आधी तेच छेद घेतले जिथे धाकटीच्या आडव्या रेघा तिच्या उभ्या रेघांवरून गेल्या होत्या.

पाचव्या छेदाला सात सेंटिमीटरचा फरक. तिने लाल पेन घेतलं आणि गोल केला. पुढे परत सात. गोल. मग दहा, मग तेरा. तेरा! गोल, गोल, गोल. तासाभरात कागद गोवर आल्यासारखा दिसायला लागला.  न ओकणारा वाचक. पाव खाणारा वाचक. खुर्चीत बसून पाव खाणं वेगळं आणि आकडा वाचणं वेगळं, बाई.

आत धाकटी कुशीवर वळली. "ताई, पडून तर जास्तच हलतंय."

"सुरुवातीला होतं तसं. हलू नकोस."

तिला आणखी लाल हवं होतं. म्हणून ती पुढे गेली, धाकटीच्या आडव्या रेघा धाकटीच्याच उभ्यांना जिथे छेदत होत्या तिथे. तिथे तर वाटच लागलेली असणार. पहिला छेद : फरक एक. दुसरा : दोन. तिसरा : शून्य. तिने पट्टी पुन्हा लावली. चौथा, पाचवा, विसावा. एकही गोल करता येईना. चाळिसाव्या छेदापर्यंत ती हट्टाने गेली. धाकटीचा समुद्र धाकटीच्या समुद्राशी नीट जुळत होता.

थोरलीने पेन खाली ठेवलं.

नऊ वर्षांत हजार वेळा तिने हे पाहिलं होतं. फरक नुसता फरक असतो. चुकलेली रेघ कोणती, हे तो सांगत नाही. ते शोधायला फरकांची चाल बघावी लागते. ती दुसऱ्या कोणाची पुस्तकं असती तर तिने आधी तेच केलं असतं. आज तिने आपली रेघ खरी धरली आणि दुसऱ्याच्या रेघेला गोल केले. आता तिने लाल गोल दिवसाप्रमाणे लावले. बुधवारच्या रेघांवर फरक नाहीच म्हणावा इतका. गुरुवारच्या रेघांवर सात. शुक्रवारच्या दुपारनंतर तेरा. चूक दिवसागणिक वाढत होती, आणि ते दिवस तिचे होते.

तिने थाळीचं पान काढलं.

यंत्र बरोबर सांगतंय ना, हे बघायला रोज सकाळ-संध्याकाळ साखळीला बांधलेली एक लोखंडी थाळी बोटीच्या कडेने पाण्यात सोडतात. दोन मीटर, चार मीटर, सहा मीटर. वाचकाने कडेवरून वाकून साखळीची खूण पाण्याच्या पातळीशी जुळवायची, मग आत येऊन यंत्राचा आकडा बघायचा. बुधवारी सकाळी तिने ते केलं होतं. बुधवारी संध्याकाळी कडेवरून वाकल्यावर जे झालं ते तिला आठवलं, आणि त्यानंतर तांडेलाला काय म्हटलं तेही. "राहू दे, सकाळचेच आकडे टाकते. थाळी कुठे बदलते?" तांडेल म्हणाला होता, "तुमचं पुस्तक, बाई."

पानावर तिचंच अक्षर होतं. तीन दिवस, सहा वेळा, आकडे तेच.

ती खोटं लिहितेय असं तिला तेव्हा वाटलंच नव्हतं. नऊ वर्षं तिच्या टेबलावर आलेल्या पुस्तकांत थाळीचे आकडे कधी बदलत नसत. कारण नऊ वर्षं बोट रोज संध्याकाळी धक्क्याला परतायची आणि टाक्या रोज भरल्या जायच्या. या खेपेला पहिल्यांदाच बोट बाहेर राहिली होती. डिझेल जळत गेलं, पिण्याचं पाणी संपत गेलं, बोट हलकी होऊन वर येत गेली, आणि थोरली ती पहिल्या सकाळइतकीच खाली बसली आहे असं धरून आकडे लिहीत राहिली. टेबलावरच्या माणसाच्या डोक्यात बोटीला वजन नसतं. तिच्या रेघांवर समुद्र होता त्यापेक्षा तेरा सेंटिमीटर खोल दिसत होता. एखाद्या जहाजाचं पोट घासायला तेरा सेंटिमीटर पुरतात.

पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक सुटी चिठ्ठी अडकवलेली होती. धाकटीचं गिचमिड अक्षर. 'शनिवार दुपार. टाक्या भरायच्या आधी थाळी केली.' खाली तीन आकडे. तिन्ही थोरलीच्या आकड्यांपेक्षा चौदाने वेगळे.

चिठ्ठी सुटी होती. शिवलेली नाही, चिकटवलेली नाही. खिडकी उघडी होती आणि वारा होता.

थोरली उठली आणि खोलीच्या दारात गेली.

"तुला माहीत होतं?"

धाकटीने एक डोळा उघडला. थोरलीच्या हातात काय आहे ते पाहिलं. "हो."

"शनिवारपासून?"

"हो."

"बोलली का नाहीस?"

"पायरीवर बसून ओकत होतीस तू. तेव्हा सांगू? की ताई, शिवाय तुझं हे पण चुकलंय?"

"आणि काल? काल जेवताना तोंड चालू होतं की तुझं."

"काल तू माझ्याकडे बघत तरी होतीस का?" धाकटी उठून बसली, आणि बसताच दोन्ही हात गादीवर टेकले. "म्हटलं, पुस्तक तुझ्याच टेबलावर येणार आहे. तुझं तूच बघशील. तू सगळं बघतेसच."

"म्हणजे माझ्यावर उपकार केलेस."

"उपकार कसले? माझ्या रेघा जुळल्या नसत्या तर बोंब माझ्या नावाने झाली असती. म्हणून चिठ्ठी लिहिली. स्वतःसाठी." ती थांबली. "पण शिवली नाही. ती तुझ्यासाठी."

बाहेरच्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालण्याचा आवाज थांबला होता.

थोरली दारात उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो नेमका कशाचा ते तिला स्वच्छ दिसत होतं. बोट लागली नाही, खुर्ची मिळाली, तांडेलाने नावाजलं, एवढं कमी होतं म्हणून ही आता मोठ्या मनाचीही निघाली. थोरलीसाठी हिने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. तो समुद्रसुद्धा हिच्या पायांतून घरापर्यंत आला होता, फरशीखाली हलत होता. आणि थोरली ज्या समुद्रावर तीन दिवस ओकली, त्याने तिला दहा मिनिटांत सोडून दिलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली.

"कुठे?"

"बाहेर. चालायला. पडून राहू नकोस."

"तूच तर म्हणालीस पडून राहा म्हणून!"

"खोटं बोलले. तांडेलाने मला सांगितलं होतं. पडलं की लांबतं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "का?"

"उद्या तू डॉक्टरांसमोर पडावीस म्हणून."

 धाकटीने उशी उचलली आणि जीव खाऊन थोरलीला मारली. डोल असूनही नेम बरोबर लागला. "दुष्ट कुठली! सकाळपासून मला वाटतंय मी मरतेय, आणि तू बाहेर बसून गोल काढतेयस!"

"चप्पल घाल."

"नाही घालणार."

"मग अनवाणी चल. पण चल."

त्या दुपारी आणि संध्याकाळी त्या चालल्या. आपली गल्ली, पुढची गल्ली, लोखंडी सामानाच्या बंद दुकानांची लांबच लांब रांग, मग दगडी फरसबंदीचा रस्ता. धाकटी पहिला तासभर दारू प्यायल्यासारखी चालली. समोरून येणाऱ्या एका बाईने आपल्या लेकराला जवळ ओढून घेतलं. थोरली तिच्या दंडाला धरून होती आणि म्हणत होती, "पायांकडे बघू नकोस. लांब बघ. तो दिवा बघ."

"तुझ्याशी बोलायचं नाहीये मला."

"बोलू नको. दिवा बघ."

सोमवारी त्या बसने गेल्या नाहीत. बसमध्ये धाकटीला अगदी बरं वाटलं असतं. हलणाऱ्या गोष्टीत तिला काहीच होत नव्हतं. पण उतरल्यावर डोल दुप्पट झाला असता, हे थोरलीला आता कळत होतं. तीन किलोमीटर त्या चालत गेल्या. कचेरीच्या दाराशी पोचल्यावर धाकटी आत डॉक्टरांकडे गेली आणि थोरली साहेबांकडे.

साहेब माणसाकडे बघून बोलत नसत, कागदाकडे बघून बोलत. थोरलीने लाल गोलांचा कागद ठेवला, थाळीचं पान ठेवलं, वर चिठ्ठी ठेवली. साहेबांनी तिन्ही वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"सहाही वेळा तेच?"

"हो."

"पहिल्या सकाळचे?"

"हो, सर."

"हे गोल कोणी काढले?"

"मीच."

"धाकटीची चूक समजून?"

थोरलीने होकारार्थी मान हलवली. साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "नियम माहीत आहे," ते म्हणाले. "गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या रेघा. परवा बोट आहे."

"मला बोट लागते, सर."

"ते मी बघितलंय. नियमात तसा अपवाद नाही."

बाहेर धाकटी बाकावर बसली होती. हातात डॉक्टरांचा कागद होता. "एकवीस सेकंदांना पाय हलला," ती म्हणाली. "त्यांनी परत करायला लावलं. दुसऱ्यांदा जमलं. जेमतेम, असं लिहिलंय बघ." ती हसली नाही; थोरलीसाठी हसली नाही, हे थोरलीला कळलं, आणि तेही तिला टोचलं.

बुधवारी बोट निघाली. वाचकाच्या खुर्चीजवळ धाकटी गेलीच नाही. दारात उभी राहिली, या वेळी पाव न घेता. थोरलीला धक्क्याच्या भिंतीपलीकडे अर्ध्या तासात बोट लागली. तांडेलाने न विचारता बादली ठेवली.

"थाळी," थोरली म्हणाली.

"मी वाकते, तू आत आकडा बघ," धाकटी म्हणाली.

"रेघ माझी आहे."

ती कडेवर पोटावर आडवी झाली. खालचं पाणी तिच्या नाकाशी येत होतं आणि दूर जात होतं. साखळीची खूण दोनदा हुकली. तिसऱ्यांदा तिने आधी मान वर करून लांब, आभाळ टेकतं तिथे बघितलं, दहापर्यंत मोजलं, मग खाली बघितलं आणि खूण जुळवली. मग ओकली. मग आत जाऊन आकडा लिहिला. संध्याकाळी परत केलं. सकाळपेक्षा पाचने वेगळा आकडा आला. थोरलीने तो लिहिला आणि त्याच्याकडे थोडा वेळ बघत बसली, पोट ढवळलं तरी.

"बाई," तांडेल तिला टॉवेल देत म्हणाला, "तुमच्याइतकं ओकून इतकं काम करणारा माणूस मी बघितला नाही."

"हिच्यासारखा बघितला नाहीत, माझ्यासारखा बघितला नाहीत. तुम्ही बघितलंय तरी काय तीस वर्षांत?"

तांडेल पोट धरून हसला. धाकटीही हसली. थोरलीला हसताना पुन्हा बादली लागली.

दोन दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी, बोट धक्क्याला लागली. रेघा जुळल्या होत्या. धाकटीने आडव्यांशी ताडून तिथल्या तिथे बघितलं होतं. सोमवारपासून वाचकाच्या खुर्चीत धाकटी बसणार होती आणि तिची पुस्तकं थोरलीच्या टेबलावर येणार होती. त्यात आता काही बदलण्यासारखं नव्हतं.

थोरली पायऱ्या चढून वर आली. धक्क्याच्या दगडी फरशीवर ती थांबली, पाय जुळवले, हाताची घडी घातली आणि डोळे मिटले.

"ताई? काय झालं? चक्कर येतेय?"

"थांब जरा."

तिने मनात मोजलं. दहा. वीस. पोट केव्हाच शांत झालं होतं. तिने वाट पाहिली : पायाखालून काहीतरी वर येईल, एकदा तरी, थोडंसं. तीस झाले. ती चाळीसपर्यंत गेली.

"हलतंय का?" धाकटीने हळूच विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. दगड आहे नुसता."

"मग चल ना. आई जेवायची थांबली असेल." धाकटीने एक पाऊल टाकलं, झोकांडी गेली आणि तिने थोरलीचा दंड घट्ट धरला. "धर गं मला. माझं परत सुरू झालं."

थोरलीने तिला धरलं. "लांब बघ," ती म्हणाली, आणि दोघी चालायला लागल्या.